नाकापुरती भूल

आनंदरावांना पूर्ण भूल हवी होती आणि डॉक्टर नाकापुरतीच द्यायला निघाले होते.

"हाड जरा वाकडं आहे, आबा. पाऊण तासाचं काम. दोनला घरी," शिरूरचे डॉक्टर म्हणाले.

"दोनला नगं! संध्याकाळपतुर उठवूच नका."

कारण साधं होतं. निमोण्याच्या सोसायटीत तीन वाजता चेअरमन निवडायचा होता, तोही हात वर करून. तेरा संचालकांपैकी सहा भिमाजीकडं, सहा ईश्वरकडं आणि तेरावे आनंदराव दोघांकडंही. भिमाजीच्या घरी त्यांनी भंडारा उचलून शब्द दिला होता, ईश्वरच्या घरी बेल उचलून. म्हणून सहा वर्षं चोंदलेलं नाक त्यांनी नेमकं आज उघडायला काढलं होतं.

डोळ्यांवर हिरवं कापड आलं. नाकात सुई गेली.

"काही कळतंय, आबा?"

"नाकाचं न्हाई. बाकी समदं कळतंय, त्योच तर वांदा हाय. डागदर, ह्याच सुईत उजवा हात बी बधिर व्हईल का?"

"हात कशाला?"

"वर जाऊ न्हाई म्हून."

डॉक्टरांनी हसून नाकात बोळे कोंबले, वर पट्टी मारली. "दोन दिवस बोलायचं नाही. मान हलवायची नाही."

दवाखान्याच्या दारात भिमाजीची स्कॉर्पिओ उभी होती आणि तिला चिकटून ईश्वरची बोलेरो. दोघांच्या हातात शहाळी. आनंदरावांची बायको सोजराबाई हळूच म्हणाली, "बसा आता, अर्धं ह्येच्यात, अर्धं त्येच्यात!"

सभेत पट्टीवाले आनंदराव शिरले आणि म्हातारे संचालक तात्याबा गहिवरले. "टेबलावरनं उठून आला गडी! ह्योच चेअरमन करा की!"

भिमाजीला वाटलं, आपलाच माणूस. ईश्वरलाही तेच वाटलं. बारा हात वर गेले.

आनंदरावांना नकारार्थी मान हलवता येईना. त्यांनी कागदावर 'मला नको' लिहिलं. सचिवांनी ते मोठ्यानं वाचलं.

"बगा, हाव म्हंजी अजाबात न्हाई!" तात्याबा म्हणाले. टाळ्याच टाळ्या.

घरी आल्यावर सोजराबाईनं गळ्यातला हार काढला. "आवं, सोमवारी सोसायटीत क्लार्क भरायचाय. भिमाजीभावजी पुतन्याचं नाव सांगून गेलं. ईश्वरभावजी मेव्हन्याचं. दोघं बी म्हनत्यात, आबांचा शबुद हाय."

आनंदरावांनी शांतपणे कागद ओढला. 'डागदरला इचार, दुसरी नाकपुडी सोमवारी जमंल का?'

आणि खाली दोन रेघा मारून: 'पूर्ण भूल.'