चहा झाला की चालणारी मशीन

आमच्या हमीदचाचांच्या मते जगात बिघाड दोनच प्रकारचे. एक गडबड, दुसरा घोटाळा. "गडबड म्हंजी सापडती ती. घोटाळा म्हंजी सापडत न्हाय तो," असं ते समोरच्याला नीट समजावून देतात, मगच पाना उचलतात. गिऱ्हाईक तुटलेलं गेट घेऊन येवो की बिजागरी निखळलेलं कपाट, आधी निदान. एकदा एका बाईंनी सहज स्वतःच्या गुडघ्याची तक्रार केली, तर चाचांनी गुडघ्याकडं रोखून बघत सांगितलं, "ही गडबड हाय. घाबरू नका."

कळंबच्या धान्यबाजाराच्या मोंढ्यामागं चाचांचं वेल्डिंगचं दुकान, त्याला लागून माझं शिलाईचं. मी दुकान टाकलं तेव्हा चाची वारलेल्या होत्या आणि त्यांची एकुलती लेक शबाना लग्न होऊन सोलापूरला गेलेली होती. चाचा आणि त्यांची वेल्डिंगची मशीन, एवढाच संसार मी पाहिलाय. मशीन चाचांच्या तरुणपणातली, रंग उडालेली, धान्याच्या कोठीएवढी.

गेल्या सोयाबीनच्या काढणीत या मशीननं आमची अख्खी गल्ली चक्रावून सोडली.

ज्ञानोबा नावाचे शेतकरी मळणीयंत्र घेऊन आले होते. यंत्राची चौकट तडकलेली, रानात सोयाबीन कापून पडलेलं आणि वर आभाळ भरून आलेलं. "चाचा, लौकर करा. पानी आलं तर समदं काळं पडंल," ते काकुळतीला आले. चाचांनी रॉड टेकवला, ठिणग्या उडाल्या, आणि थोड्याच वेळात मशीन गप्प.

चाचांनी केबल बदलली. मशीन सुरू! "बगा, गडबडच व्हती," चाचा खूश. तोवर पुन्हा बंद. मग फ्यूजची तार बदलली. सुरू, आणि बंद. समोरच्या किराणावाल्या रमेशनं लिंबू-मिरची आणून बांधली, तर त्यानंही सुरू झाली. चाचा लिंबाकडं बघत राहिले. तेवढ्यात मशीन पुन्हा बंद.

जो उपाय करावा तो लागू पडायचा आणि मग अंग काढून घ्यायचा. एखाद्या उपायानं काहीच झालं नसतं, तर निदान तो सोडून तरी देता आला असता. इथं सगळेच बरोबर आणि सगळेच चूक. मी ब्लाउजला बाह्या उलट्या जोडल्या, इतकं माझं डोकं तिकडं.

शेवटी रमेशनं शोध लावला. मशीन बंद पडली की आम्ही चहा प्यायचो, आणि चहा झाला की ती चालायची. "हिला चहाच लागतो, चाचा!"

"मंग पाजा की तिला बी!" ज्ञानोबा रडकुंडीला आले.

"घोटाळा हाय," चाचा म्हणाले आणि खाली बसले.

मी कप गोळा करत मशीनच्या मागं गेले. एरवी मागच्या जाळीतून गरम वारा यायचा, पदर धरून जावं लागायचं. आज पदर हलेना. आतून नुसती घुमल्यासारखी घरघर.

"चाचा, पंखा फिरत नाही," मी म्हटलं.

चाचांची पाठ माझ्याकडं होती. ते हलले नाहीत. मी पुन्हा सांगितलं, मग ओरडून सांगितलं. शेवटी पुढं येऊन उभी राहिले, तेव्हा चाचा माझ्या ओठांकडं बघत म्हणाले, "काय म्हणलीस?"

"पंखा बंद आहे."

"फिरतोय की. आवाज येतोय मला."

तरी ते उठले. जाळीपुढं तळवा धरला. वारा लागेना. मग मान खाली घालून त्यांनी मेन स्विच बंद केला.

आतल्या पंख्याचा कंडेन्सर फुगला होता. घरच्या छताच्या पंख्याला असतो ना, तसलाच छोटा डबा. तो गेला की पंखा घुमतो, फिरत नाही. वारा नाही म्हणून मशीन तापायची, तापली की आपोआप बंद व्हायची, आणि आमचा चहा होईतो थंड होऊन पुन्हा तयार. रमेशनं धावत जाऊन नवा कंडेन्सर आणला. चाचांनी तो बसवला, चौकट जोडली आणि पावसाआधी ज्ञानोबा रस्त्याला लागले.

गल्ली पांगली. चाचा ओट्यावर बसून राहिले. आनंद झालेला दिसत नव्हता.

इतक्यात त्यांच्या खिशातला बटणांचा फोन थरथरला. चाचांनी बटण दाबलं, "हां बेटा," म्हणाले आणि फोन माझ्या कानाला लावला. "शबाना हाय. तू आईक. बोलू नगंस. मंग मला सांग."

मला काही कळेना, पण मी ऐकत राहिले. नातीचा पुढचा दात पडला होता. आज डाळगोश्त केलं होतं. अब्बा, जेवलात का? सोलापूरला कधी येता? माझ्या तोंडाकडं बघत चाचा अधूनमधून "हां बेटा, हां" म्हणत होते. "सगळ्याला हांच म्हणता तुम्ही अब्बा," ती हसली आणि तिनं फोन ठेवला.

मी त्यांच्या कानाशी जाऊन एकेक सांगितलं. दाताचं ऐकून ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"तिला सांगत का नाही, चाचा? मशीन मिळते कानाची."

"सांगितलं तर म्हणंल, अब्बाला आईकूच येत न्हाय, फोन करून काय करू?" ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "आवाज कसा हाय तिचा? पयल्यासारखाच हाय न्हवं?"

तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला होता.

"तसाच आहे, चाचा," मी मोठ्यानं सांगितलं.