डुलीचंद काकांचा पहाड

डुलीचंद काकांनी मान वर करून नाकानं एक लांब श्वास घेतला की आमच्या गल्लीतल्या बायका वाळवण उचलायला धावतात. काका अजून एक शब्दही बोललेले नसतात. आभाळ स्वच्छ असतं, मोबाइलवर पिवळाधमक सूर्य असतो, टीव्हीवरची बाई हवामान कोरडं राहील असं छातीठोकपणे सांगत असते. काका फक्त म्हणतात, "साडेतीनले येते पानी. लिहून ठेवा गुरुजी."

मी शिकलेला माणूस, त्यामुळे पहिली दोन वर्षं हसलो. त्या दोन वर्षांत माझ्या तीन गाद्या भिजल्या. तेव्हापासून मीही धावतो.

गोरेगावजवळच्या या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला आलो, त्याला चौदा वर्षं झाली. माझ्या खोलीची भिंत काकांच्या घराला लागून आहे. काका पवार समाजातले, सहा एकर धानाचे मालक, वय पासष्टच्या पुढचं, अंग वाळलेल्या शेंगेसारखं. जगात दोनच गोष्टी आहेत असं त्यांचं मत आहे, धान आणि बाकीचं. बाकीचं तेही धानावरूनच मोजतात. माझा मुलगा आठवीत गेला तेव्हा त्याच्याकडे बघून म्हणाले, "पोरगं पोटरीत आलं गुरुजी, आता पानी तोडू नका." म्हणजे धान लोंबीवर येतो तसं पोरगं वयात येतंय, त्याचं खाणंपिणं सांभाळा. माझ्या मेव्हण्याचं लग्न छत्तिसाव्या वर्षी ठरलं, तर काकांनी धानाच्या लावणीच्या भाषेत तोंडभर आशीर्वाद दिला, "रोवणा उशिरा झाला, पण झाला." मेव्हणा अजून माझ्याकडे यायला कचरतो.

कापणीची वेळ ठरवायची त्यांची पद्धत अशी. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायचं, लोंबीतला एक दाणा काढायचा, दाताखाली धरायचा आणि डोळे मिटायचे. दाणा कट्टकन वाजला तर विळा, नाही वाजला तर घरी. आणि दुसऱ्या दिवशी पहिली मूठ काकांनीच कापायची. त्यांनी कापल्याशिवाय मजुरानं विळा टेकवायचा नाही, हा नियम. एका साली ते तापानं फणफणले होते, तर चौघांनी खाटेवरून त्यांना बांधीपर्यंत नेलं. काकांनी खाटेवर पडूनच एक मूठ कापली आणि परत घरी येऊन पांघरूण घेतलं. समोरून येणाऱ्या एका पाहुण्यानं खाट पाहून टोपी काढली होती.

काकी अगदी उलट. लहानशी बाई, बोलणं कमी, हसणं जास्त. उभ्या आयुष्यात त्यांनी काकांजवळ एकच गोष्ट मागितली. त्यांना बर्फाचा पहाड पाहायचा होता. हे त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर पदर तोंडाला लावून हसतात. लग्न झाल्यापासून दर वर्षी एकदा त्या विचारत, "जाऊ का जी यंदा?" आणि काकांचं उत्तर हंगामाप्रमाणे तयार असे. "आता कायले? पऱ्हे टाकाचे आहेत." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. "आता कायले? रोवणा आहे." मग निंदण, मग कापणी, मग मळणी, आणि हे सगळं संपलं की उन्हाळी धान. वर्षाचे बाराही महिने धानानं भरलेले. पहाडाला जागाच नव्हती.

गेल्या वर्षी आश्विनात काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"काय झालं काका?"

"गुरुजी, या सालात हिनं इचारलंच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काकींचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. गोंदियाच्या डॉक्टरनं थंडीनंतर ऑपरेशन सांगितलं होतं. काकींनी मनातल्या मनात तो पहाड सोडून दिला होता.

"तिकिटं काढा," काका म्हणाले. "चार. तुमी दोघं, आमी दोघं. मले हिंदी बोलता येते, पण तिकडची येते का नाही, कोनाले माहीत."

दिवाळीची सुट्टी मला होतीच, मुलगा आजोळी जाणार होता. दार्जिलिंग ठरलं. काकांनी बांधीत जाऊन दाणा चावला, बोटांवर मोजलं आणि फर्मावलं, "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी निघाचं. दहाव्या दिवशी घरी. अकराव्या दिवशी विळा. हा हलका धान होय गुरुजी, लवकर पिकते, याच्यापुढं थांबत नाही. झडते."

झडते हा शब्द काका कसा उच्चारतात ते ऐकायला हवं. दुसरी माणसं एखाद्याच्या मरणाची बातमी तशी सांगतात.

गोंदियाहून हावड्याची गाडी धरली. काकी खिडकीशी, काका त्यांच्या शेजारी, पण बाहेर काकाच जास्त पाहत होते. छत्तीसगड सुरू झालं आणि त्यांची तपासणी सुरू झाली. "यानं युरिया जास्त मारला. हा आडवा होते." "हा मानूस चांगला आहे, धुरे पाहा कसे ठेवले." धुरा म्हणजे बांधीचा बांध. डब्यातल्या एका बंगाली गृहस्थांना वाटलं काका कृषी खात्यातले मोठे साहेब आहेत. त्यांनी अदबीनं आपल्या गावच्या धानावरच्या किडीबद्दल विचारलं. काकांनी मोडक्या हिंदीत तासभर उपचार सांगितला. उतरताना त्या गृहस्थांनी काकांच्या पायांना हात लावला.

पुढे आणखी एक रात्र गाडीत, मग जीप, मग वळणं. माझ्या बायकोनं पूर्ण रस्ता डोळे मिटून काढला. काकी मात्र प्रत्येक वळणाला "अगे बाई!" म्हणून टाळी वाजवत होत्या.

हॉटेलच्या मालकानं आम्हाला गच्चीवर नेलं आणि हात लांब करून सांगितलं, "सामने कंचनजंगा."

समोर पांढऱ्या ढगाची भिंत होती.

"कुठं?" काका म्हणाले.

"बादल के पीछे."

काकींनी ढगालाच हात जोडले. काकांनी मान वर केली, लांब श्वास घेतला, आणि माझा जीव भांड्यात पडला. "उद्या साडेसहाले उघडते. लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी साडेपाचपासून आम्ही चौघं रजया पांघरून गच्चीवर. साडेसहाला ढग आणखी जाड झाला. काका घड्याळाकडे बघून म्हणाले, "इकडं सूर्य आपल्यापेक्षा आधी येते ना. थोडा हिशेब चुकला." तिसऱ्या दिवशी त्यांनी पावणेसहा सांगितलं. त्यांचा आत्मविश्वास पाहून एक गुजराती कुटुंब आजीसकट गच्चीवर आलं. पावणेसहाला बारीक पाऊस आला. आजी शिंकत खाली गेल्या. चौथ्या दिवशी काकांनी वेळ सांगितली तेव्हा गच्चीवर आमच्याशिवाय फक्त हॉटेलचं कुत्रं होतं.

"हवा नवीन आहे," काका मला हळूच म्हणाले. "इची बोली समजून नाही राहिली."

त्यांना इतकं खजील झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गावात ज्यांच्या नाकावर विसंबून लोक गाद्या उचलतात, त्यांना इथं कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.

काकी मात्र जाम खूश. दुकानांच्या उंबऱ्याला चिकटून जाणारी छोटी झुकझुक गाडी त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "माय वं, ही तं लोकाइच्या घरातून जाऊन राहिली!" मोमो खाल्ले, त्यांना वाफेवरच्या करंज्या असं नाव दिलं आणि माझ्या बायकोला कृती विचारून घ्यायला लावली. चहा तर दिवसाला सहा वेळा. जणू त्या चहा प्यायलाच इतक्या दूर आल्या होत्या. काकांना ते बघवत नव्हतं. "हिले पहाड दाखवाले आनलं, आन् ही चहा पिऊन राहिली," ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

पाचव्या दिवशी खालच्या खोऱ्यात फिरायला गेलो. एका वळणावर काका ओरडले, "थांबवा!" ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला. काका दार उघडून उतारावर पळाले. खाली डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांच्या बांध्या होत्या आणि त्यांत पिवळा होत आलेला धान उभा होता. काका पहिल्या पायरीत शिरले, लोंबीतला दाणा काढला, दाताखाली धरला आणि डोळे मिटले.

शेतातून एक बाई उठली. पाठीवर टोपली, हातात विळा. परक्या माणसाला आपला धान चावताना पाहून ती अवाक झाली.

"आठ दिन और," काका डोळे उघडून म्हणाले. "उससे पहले मत काटो."

बाई खळखळून हसली. "बाबा, हमारा धान हम देख लेंगे. आप पहाड़ देखो."

"दिखताच नहीं ना बाई!" काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "पाच दिन हो गये. मेरी घरवाली को दिखाना है. उसके घुटने..." पुढचं त्यांना हिंदीत सापडलं नाही, मराठीतही सापडलं नाही.

बाईनं वर रस्त्याकडे पाहिलं. काकी जीपच्या खिडकीतून हात हलवत होत्या. "दिखेगा," बाई म्हणाली. "किसी को पहले दिन दिखता है, किसी को दसवें दिन. जाता कहाँ है?"

काका वर आले. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "गुरुजी, हा आठ दिवसांचा आहे. आपला याच्या आधीचा." मला वाटलं त्यांना घराची ओढ लागली.

निघायच्या दिवशी सकाळीही ढग होताच. जीप दारात उभी, सामान टपावर चढलेलं. काकींनी गच्चीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही दिसला तं नाही दिसला. ढगबी चांगले होते." आणि हसल्या. ते हसू नेहमीचं नव्हतं हे मला कळलं. काकांना तर कळलंच असणार. ते जीपच्या टपावर चढले आणि स्वतःची पेटी खाली उतरवली.

"तुमी जा गुरुजी. आमची तिकिटं रद्द करा."

"काका, धान?"

"धान आहे जागेवर."

"अवो, पागल झाले का?" काकी म्हणाल्या. "धान झडंल ना!"

"कोन म्हणते झडंल? मी दाणा चावून आलो का तू?" काका त्यांच्यावर खेकसले. "थंडी लवकर पडली यंदा, धान मागं आहे." आणि पेटी घेऊन ते जिना चढले.

आम्ही दोघंच परतलो, तेही गाडी रखडल्यामुळे एक दिवस उशिरा. गावी पोचलो त्याच संध्याकाळी मी काकांच्या बांधीवर गेलो. धान सोन्यासारखा पिवळा झाला होता आणि वाकला होता. मजूर दोनदा विळे घेऊन येऊन गेले होते, पण काकांनी पहिली मूठ कापली नाही म्हणून कुणी हात लावायला तयार नव्हतं. वाऱ्याची एक झुळूक आली, बारीक सरसर आवाज झाला आणि दाणे जमिनीवर सांडले. मी शेतकरी नाही, पण तो आवाज मलाही सहन झाला नाही. मी तिथूनच फोन लावला.

"काका, धान झडून राहिला जी."

काका दबक्या आवाजात म्हणाले, "झडू द्या."

"अहो, पण—"

"उद्या मजूर लावा. पहिली मूठ तुमी कापा. तुमाले येत नसंल तरी कापा. आन् हिले सांगू नका. हिले म्हटलं आहे, धान अजून हिरवा आहे."

तेवढ्यात मागून काकींचा आवाज आला. "कोनाचा फोन होय? गुरुजीचा? आना इकडं." फोन हातातून हातात गेला. "गुरुजी, खरं सांगा जी. धान कसा आहे? हे म्हणतात हिरवा आहे. मले काही पटून नाही राहिलं."

पायाखाली दाणे पडले होते. चौदा वर्षं पोरांना खरं बोला असं शिकवत आलेला माणूस मी.

"हिरवागार आहे काकी," मी म्हणालो. "आठ दिवस तरी हात लावायचं काम नाही."

"हो का?" त्यांचा जीव हलका झाल्याचं फोनमधूनही ऐकू आलं. "मंग बरं झालं बापा. आज जराशी कोर दिसली जी पहाडाची. बोटभर! हे म्हणतात पुरा दिसल्याशिवाय हालाचंच नाही." मग त्यांनी आवाज बारीक केला, बहुतेक काकांना ऐकू जाऊ नये म्हणून. आवाजात हसू मावत नव्हतं. "गुरुजी, मी तं पेटी भरून बसली होती. तं हे मले म्हणतात, थांब वं, कायची घाई आहे! या मानसाच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं."

मी फोन खिशात ठेवला आणि कुणाकडे जास्तीचा विळा आहे का ते विचारायला गावाकडे निघालो.