माझ्या गाई, सासऱ्यांचा फोटो

लेख कसा लिहावा, हे निदान मला तरी कुणी शिकवू नये. आमच्या 'फ्योर्डकाठ' साप्ताहिकात मी तीन वर्षं व्हिडिओ गेमवर सदर लिहीत होतो. महिन्यातून एकदा, पान अकरा, खाली चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. त्याच दुकानात मी नोकरी करतो. सदराचं नाव 'नुकतंच खेळलेलं'. तीन वर्षांत एकही तक्रार आली नाही. पत्रही एक आलं नाही, हे खरं, पण समाधानी वाचक पत्रं लिहीत बसत नाहीत असा माझा समज होता.

माझ्या लेखनाचं एक तत्त्व होतं. गेममध्ये जे घडलं ते 'मी केलं' असंच लिहायचं. 'माझ्या पात्राने दार उघडलं', 'खेळाडूला तलवार मिळते' असलं लिहिणारे मला भित्रे वाटतात. मी दार उघडलं, मला तलवार मिळाली, मी मेलो. वाचकाला कसं, आपण तिथेच उभे आहोत असं वाटलं पाहिजे! हे तत्त्व मी एकदा बायकोला, सिसेलला, जेवताना सविस्तर समजावून सांगितलं. ती म्हणाली, बटाटे इकडे दे.

सप्टेंबरच्या लेखात तीन गेम होते. पहिला तलवारीचा. त्यात जगाचा नाश चार दिवसांवर आलेला असतो, आणि तरी भेटेल तो माणूस मला थांबवून स्वतःची घरगुती कामं सांगतो. एका दगडी राक्षसाने मला एकोणतीस वेळा ठार केलं. तिसाव्यांदा तो आपण होऊनच भिंतीत अडकला आणि मी जिंकलो, हेही मी प्रामाणिकपणे लिहिलं. दुसरा गेम शहर वसवायचा. त्यात मी सांडपाण्याचा पाइप पिण्याच्या पाण्यात सोडला आणि आठवड्याभरात सगळं शहर अंथरुणाला खिळलं. तिसरा शेतीचा. हा मात्र मला जीव लावून गेला. सहा गाई, एक तळं, थोडं ओटचं पीक. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून आलेल्या माणसाला आणखी काय हवं? त्याच्याबद्दल मी इतकं भरभरून लिहिलं की लेख नेहमीच्या दुप्पट झाला.

इथे माझ्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. नाव एवाल्ड. आम्ही त्यांच्याच शेतावर राहतो. अंगणाच्या एका बाजूला त्यांचं घर, दुसऱ्या बाजूला आमचं, आणि मध्ये एकशे वीस गाईंचा गोठा. चाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठलेला हा माणूस. सिसेल त्यांच्याबरोबर गोठ्यात काम करते. माझं आणि गोठ्याचं मात्र जमलं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी फाटक उघडं ठेवलं आणि अठरा कालवडी चर्चच्या दफनभूमीत जाऊन ताजी फुलं खाऊन आल्या. तेव्हापासून सासरे मला 'जावईबापू' म्हणतात, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा इसम कुठल्यातरी परीक्षेत नापास झालाय.

त्या वर्षी दूध संघ त्यांना पदक देणार होता. सलग पंचवीस वर्षं निर्मळ दुधाबद्दल. समारंभ दोन आठवड्यांवर आला होता. सासरे त्याविषयी एक शब्द बोलत नसत, पण त्यांनी कोट धुवायला दिला होता, यावरून काय ते समजा.

आणि आमच्या संपादक बोदिलबाई. बाई कष्टाळू, सरळ, पण त्यांना कोरी जागा सहन होत नाही. त्या आठवड्यात शेतीच्या पानावर लिहिणारे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. अर्धं पान रिकामं. आणि समोर माझा दुप्पट लेख! बाईंनी तो मधोमध कापला. राक्षस आणि आजारी शहर अकराव्या पानावर राहिलं. गेमचं नाव ज्या वाक्यात होतं तेही तिथेच, कापाच्या अलीकडे राहिलं. उरलेला मजकूर गेला शेतीच्या पानावर. मथळा, 'एका तरुण शेतकऱ्याचं मनोगत'. खाली माझं नाव. शेजारी फोटो हवा म्हणून त्यांनी जुन्या फाइलीतून एक काढला. दोन वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या प्रदर्शनातला, बक्षीस मिळवलेल्या तांबड्या गाईचा दोर धरून उभे असलेले माझे सासरे.

बुधवारी अंक आला. दुकानात एक आजी नवा चष्मा न्यायला आल्या होत्या. मी तो त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी त्यातून माझ्याकडे नीट पाहिलं, काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. मी विचार करत राहिलो की नंबर चुकला की काय. तेवढ्यात सिसेलचा फोन.

"आस्गर, तू पेपर बघितलास?"

"अजून नाही. बरा छापलाय का?"

"वाचते, ऐक," ती म्हणाली, आणि वाचू लागली.

"'पहिल्या वर्षी मी गाईंना चारा घालायलाच विसरलो. नऊ दिवस! पण फारसं काही बिघडलं नाही, त्या फक्त थोड्या रुसल्या. गाईला दिवसातून एकदा थोपटलं की ती सगळं विसरते. एक म्हातारी गाय विहिरीत अडकली. बाहेर काढायला मार्ग दिसेना, तेव्हा मी सरळ सगळं पुसून टाकून नव्याने सुरुवात केली. कंटाळा आला की मी शेजाऱ्यांच्या घरात दार न ठोठावता शिरतो आणि कपाटं उघडून बघतो. कुणीही काही म्हणत नाही.'"

मग ती म्हणाली, "शेजारचा याल्मार कुलूप बदलतोय. मला इथून दिसतंय."

मी बोदिलबाईंना फोन लावला. त्या फार दिलगीर झाल्या. म्हणाल्या, पुढच्या अंकात खुलासा छापू. पण पुढचा अंक पुढच्या बुधवारी. दुपारपर्यंत दूध संघाच्या अध्यक्षांनी सिसेलला कळवलं की पदकाचं जरा थांबूया, चौकशी होऊ दे. संध्याकाळपर्यंत कुणीतरी प्राणी संरक्षणाच्या कार्यालयातही कळवलं होतं.

सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते पेपरात फक्त हवामान आणि मृत्यूच्या बातम्या वाचतात, तेही मागच्या पानापासून सुरू करून. सिसेल म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन बाबांना सांग. मी म्हटलं, उद्या सांगतो. गुरुवारी मी अंगणात दोनदा त्यांच्यापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा आभाळाबद्दल बोलून परत आलो.

शुक्रवारी सकाळी त्या कार्यालयाची निरीक्षक आली. दित्ते नावाची तिशीतली बाई, स्वतःचे रबरी बूट पिशवीत घालून आणलेले. मी खिडकीतून पाहिलं आणि तसाच धावत बाहेर गेलो, पण तोवर तिने सासऱ्यांना विचारलंही होतं, विहिरीतली गाय कधी काढली?

"कोणती विहीर?" सासरे म्हणाले.

तिने कात्रण पुढे केलं. सासरे एका पालथ्या बादलीवर बसले आणि त्यांनी ते वाचलं. ओठ हलवत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. माझं नावही त्यांनी दोनदा वाचलं. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. मला ओरडा परवडला असता.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "हे तू लिहिलंस?"

"हो. पण त्या गाई खऱ्या नाहीत, बाबा."

"मग ही कोण?" त्यांनी फोटोवर बोट टेकवलं. "ही आपली मार्गिट आहे. हिला मी नऊ दिवस उपाशी ठेवलं?"

त्यांचा आवाज जरासा फाटला, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी नक्की काय करून बसलोय. पदक वगैरे राहू द्या. या माणसाने चाळीस वर्षांत एकदाही गाईंच्या आधी स्वतः नाश्ता केला नव्हता.

मी पळत जाऊन लॅपटॉप घेऊन आलो. तिघं सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. सासऱ्यांनी सवयीने कॉफी ओतली. मी गेम सुरू केला, म्हटलं आता एकदाचं स्वच्छ दिसेल यांना, हे चित्र आहे, चित्रातल्या गाई आहेत. आणि ते दिसलंही. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. हा गेम बंद असला तरी त्यातले दिवस पुढे सरकत राहतात, आणि या सगळ्या गोंधळात मी तो उघडलाच नव्हता. पडद्यावर सहा गाई ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकाम्या घमेल्याची खूण.

दित्तेने सवयीने पेन काढलं. "या कधीपासून उपाशी आहेत?"

"मंगळवारपासून," मी म्हणालो.

तिने कागदावर 'मंगळवार' लिहिलंसुद्धा. मग स्वतःशीच दचकून खोडलं.

मी समजावून सांगायला लागलो की हा खेळ आहे, गाई रुसतात पण मरत नाहीत, लेखातली विहीरसुद्धा यातलीच. दित्तेला ते पटत होतं, ती हसू दाबत होती. सासरे मात्र ऐकतच नव्हते. ते पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"चारा कुठे असतो?"

"कोठारात. पण आधी तुम्हाला..."

"आधी काही नाही. गाई उभ्या आहेत."

त्यांची बोटं जाड, खुंट्यांसारखी. एक कळ दाबायला गेले की तीन दाबल्या जायच्या. पहिली पेंढी तळ्यात गेली. दुसरी घराच्या छपरावर. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. तिसरी पेंढी गव्हाणीत पडली. एकेक करून खुणा विझत गेल्या, आणि शेवटची गाय हंबरली तेव्हा सासऱ्यांनी दीर्घ श्वास सोडला. मग मला विचारलं की गव्हाण दारापासून इतकी लांब कुणी बांधली. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, वाटलंच.

खरा गोठा दित्तेला सिसेलने दाखवला, कारण सासरे उठायलाच तयार नव्हते. दित्तेने एकशे वीस गाई पाहिल्या, मार्गिटला थोपटलं आणि लिहून दिलं की इतका नेटका गोठा तिने वर्षभरात पाहिला नाही. निघताना ती स्वयंपाकघरात डोकावली आणि सासऱ्यांना म्हणाली, कोठाराचं दार रुंद करा, गाडी वळत नाही. तेव्हा मला आधी वाटलं, खऱ्या कोठाराबद्दल बोलतेय.

लॅपटॉप उचलायला गेलो तर सासरे म्हणाले, हा इथेच राहू दे. शिक्षा समजून मी गुपचूप घरी आलो.

बुधवारी खुलासा छापून आला. बोदिलबाईंनी तो स्वतः लिहिला होता, अगदी नेमका. 'गेल्या अंकातील लेखात उल्लेखलेल्या गाई अस्तित्वात नाहीत. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' आणि कोणत्या लेखाबद्दल बोलतोय हे वाचकांना पटकन कळावं म्हणून शेजारी तोच फोटो! सासरे, हातात दोर, दोराला मार्गिट.

नऊच्या आत अध्यक्षांचा फोन. त्यांचा प्रश्न रास्त होता. गाई अस्तित्वात नाहीत, तर मग पंचवीस वर्षं आम्ही दूध कुणाचं नेतोय? सिसेलने माझ्या हातातून फोन घेतला आणि अंगणात गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण याल्मार आपल्या दारात येऊन उभा राहिला आणि शेवटी त्याने टाळी वाजवली. दहा मिनिटांत पदक पक्कं झालं.

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात समारंभ झाला. कोंबडीचं सारण भरलेल्या खुसखुशीत वाट्या, कॉफी, खांबावर झेंडा. मी सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाआड. सासऱ्यांनी धुतलेला कोट घातला होता. पदक घेतल्यावर ते 'आभार' म्हणतील आणि खाली उतरतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, कारण गेल्या वर्षी सिसेलच्या वाढदिवसाला त्यांनी तेवढंच भाषण केलं होतं.

ते अकरा मिनिटं बोलले. घसा साफ करून म्हणाले, "माझ्या जावयाकडे सहा गाई होत्या. उपाशी. आता त्या माझ्याकडे आहेत, आणि चौदा झाल्यात." मग त्यांनी कुरणं कशी फिरवून वापरली, तळ्याकाठी कुंपण कसं घातलं, ओटाचं काय केलं, ते सगळं सांगितलं. लोक आधी हसले, मग पुढे सरकून ऐकू लागले. याल्मारने उठून विचारलं की गेममध्ये चारा मुरवून सायलेज करता येतं का. करता येतं, पण वास येत नाही, सासरे म्हणाले, त्यामुळे मुरलंय की नाही ते अंदाजाने ओळखावं लागतं. यावर दूध संघाची माणसं गंभीरपणे माना हलवत राहिली. पहिल्या रांगेत बोदिलबाई भराभर लिहून घेत होत्या.

सोमवारी त्यांचा मला फोन आला. म्हणाल्या, आस्गर, तुझे लेख छान असायचे, गैरसमज करून घेऊ नकोस, पण एवाल्डना विषयातलं कळतं.

तर 'नुकतंच खेळलेलं' हे सदर आता सासरे लिहितात. पहिलाच लेख आठ ओळींचा होता. त्यात चाऱ्याच्या वेळा होत्या आणि गाईंना पाणी पाजायची सोय न ठेवणाऱ्या गेमवाल्यांना एक सणसणीत टोला होता. त्यावर सतरा पत्रं आली. परवा त्यांनी दगडी राक्षसाचा गेमही मागून नेला आणि चौथ्या प्रयत्नात तो संपवून परत केला.

लिहायला त्यांना संध्याकाळी पाच ते सात अशी वेळ लागते, आणि नेमकी तीच गोठ्यातली कामाची वेळ. त्यांच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं. सिसेलने मला रबरी बूट आणून दिले, मापाने एक नंबर मोठे. वासरांना दूध पाजायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी अजिबात विसरलो नाही. सगळं दूध वेळेवर पाजलं. फक्त ते सगळं डावीकडच्या वासरांनाच दोनदा पाजलं गेलं, आणि हे तुम्ही कृपा करून बोदिलबाईंना सांगू नका.