छटाकसाहेबांचे चारशे दहा किलोमीटर

"घर हलवायचं नाही, तुझं ड्रायव्हिंग स्कूल बंद करायचं नाही, आणि मी रोज माझ्याच उशीवर झोपणार! तिन्ही होणार!" असं म्हणून छटाकसाहेबांनी विजेच्या गाडीचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर आपटलं. "एका चार्जमध्ये चारशे दहा किलोमीटर! बदलीचं ऑफिस दीडशेवर. जाऊन येऊन तीनशे. वर एकशे दहा शिल्लक! त्या शिल्लक किलोमीटरांत तू हवं तर माहेरी जाऊन ये!"

"माझं माहेर आठशे किलोमीटरवर आहे," बायको म्हणाली. "आणि अहो, गाडी माहितीपत्रक वाचून चालत नाही."

"छापलंय! छापलेला आकडा म्हणजे वचन असतं."

हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर त्याला भोळा म्हणून सोडून दिलं असतं. पण छटाकसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक! बावीस वर्षांपूर्वी एका किराणा दुकानदाराने साखर छटाकभर कमी भरली, तेव्हा साहेबांनी दुकानाला सील ठोकलं आणि बाजाराने साहेबांना नाव ठोकलं. तेव्हापासून ते रस्त्याने निघाले की तराजूसुद्धा सरळ उभे राहायचे. अशा माणसाने गाडी विकणाऱ्या कंपनीचा आकडा बिनबोभाट गिळावा? तर हो, गिळला! कारण त्यांचं गणित वेगळं होतं. आकडा खोटा असता तर आपण पकडला असता. आपण पकडलेला नाही, म्हणजे तो खरा!

आता बायकोचं ऐका. तिने अकरा वर्षं घासून ते ड्रायव्हिंग स्कूल उभं केलं होतं. दोन जुन्या गाड्या, एक शटर, आणि शिकायला येणाऱ्या बायका. घरून 'तुला जमणार आहे का?' ऐकून आलेल्या, आणि महिन्याभरात त्याच घरच्यांना स्टेशनवर सोडून येणाऱ्या. बदलीच्या गावी बिऱ्हाड न्यायचं म्हणजे हे सगळं गुंडाळायचं. साहेबांनी तिकडे एकट्याने खोली घेऊन राहावं, असं तिने सुचवून पाहिलं. पण आपल्याशिवाय बायको सुखात राहील ही कल्पनाच साहेबांना सोसवेना! तेव्हा सगळी मदार आली गाडीवर.

सोमवारी रुजू व्हायचं होतं. रविवारी सकाळी सहाला चाचणी ठरली. गाडी रात्रभर चार्ज करून तट्ट फुगलेली, पडद्यावर आकडा चारशे दहा. साहेबांनी त्याला एकदा डोळे भरून पाहिलं, मांडीवर वही ठेवली, कानावर पेन्सिल खोचली आणि द्रुतगती मार्गाला लागताच गाडी एकशे वीसवर नेली.

"जरा हळू," बायको म्हणाली.

"पाटीवर एकशे वीस लिहिलंय. कायद्याने दिलेला वेग मी का सोडू?"

"वेग वाढला की वारा अंगावर बसतो. तो कापायला वीज लागते. माझ्याकडे चार दिवस शिकलेल्या बाईलाही कळतं हे."

"वाऱ्याचं माहितीपत्रकात काही लिहिलेलं नाही!"

पन्नास किलोमीटर झाले. साहेबांनी पडद्याकडे नजर टाकली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"किती?" बायकोने विचारलं.

"तीनशे पंचवीस."

"म्हणजे पन्नास चालले आणि पंच्याऐंशी गेले."

"मला वजाबाकी येते!" साहेब ओरडले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक सापडल्यावर व्हायचा. "पण हे पस्तीस किलोमीटर गेले कुठे? सांडले? कुणी खाल्ले? लाव फोन त्या विक्रेत्याला!"

बायकोने फोन लावून स्पीकरवर टाकला. विक्रेता रविवार सकाळच्या मानाने फारच गोड होता.

"सर, किती वेगाने चालवताय?"

"एकशे वीस!"

"एसी?"

"चालू! बाहेर उकडतंय, मग काय बायकोला वारा घालायला लावू?"

"घालणार नाही," बायको म्हणाली.

"सर, त्याचं काय आहे, चारशे दहा हा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. मागच्या पानावर खाली लिहिलेलं आहे."

"आदर्श परिस्थितीत मीही पंचवीस वर्षांचा असतो! माझ्या डोक्यावर केस असतात! उद्या किराणावाला म्हणाला, की साहेब, आदर्श परिस्थितीत किलोत हजार ग्रॅम भरतात, एरवी सातशेच, तर मी त्याचं काय करतो ठाऊक आहे?"

"काय करता, सर?"

"सील करतो! तुझं दुकानही करीन!"

फोन तिकडून कापला गेला. बायकोने पिशवीतून माहितीपत्रक काढलं. मागच्या पानावर खाली खरंच काहीतरी होतं. अक्षर एवढं बारीक, की मुंगीलाही चष्मा लागावा! ही कुठली तऱ्हा? फुगवलेला आकडा वीतभर छापायचा आणि खरी गोष्ट तळाशी खसखशीएवढी! आणि आपण पैसे मोजून वर म्हणायचं, वाचायला हवं होतं, चूक आपलीच.

साहेबांच्या डोक्यात मात्र आता खातं शिरलं होतं. घर, बदली, बायको, सगळं मागच्या सीटवर गेलं. "अगं, हा नुसता घोटाळा नाही. हे प्रकरण आहे! मी याची रीतसर तपासणी करणार. वेग एकशे वीस, एसी चालू, आणि एका भरण्यात गाडी नक्की किती चालते, ते शेवटच्या किलोमीटरपर्यंत मोजणार!"

"शेवटच्या म्हणजे?"

"शेवटच्या."

नव्या ऑफिसच्या बंद फाटकापाशी ते पोहोचले तेव्हा आकडा होता एकशे पंचवीस. घर दीडशेवर. साहेबांनी फाटकाचा एक फोटो काढला, वहीत वेळ लिहिली आणि गाडी वळवली.

परतीला चाळीस किलोमीटरवर एक मोठा पेट्रोलपंप लागला. त्याच्या कोपऱ्यात दोन चार्जर. दोन्ही मोकळे! शेजारी सावली, बाकडी, चहा, स्वच्छ संडास. एवढं सगळं एके ठिकाणी आयुष्यात क्वचितच जुळून येतं.

"तो बघा चार्जर! घ्या डावीकडे."

साहेबांनी डावीकडे घेतली नाही.

"अहो! चार्जर!"

"पाहिला. थांबायचं नाही."

"का?"

"मध्येच वीज भरली तर नमुन्यात भेसळ होते. तपासणी फुकट जाते. पुरावा बिघडतो!"

"गाडी रस्त्यात बंद पडेल!"

"पडू दे! जिथे पडेल तिथेच तर मोजायचंय!"

पंप मागे गेला. चहा मागे गेला. संडास मागे गेला, त्याचं दुःख बायकोला सगळ्यात जास्त झालं. तिने मागे वळून पंप दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग एवढंच म्हणाली, "तुमचा पुरावा तयार होईल, आणि माझं शटर पडेल. आज हे जमत नाही असं ठरलं, तर उद्यापासून सामान बांधायला मलाच लागायचं. ध्यानात आहे ना?"

साहेबांच्या ध्यानात होतं. पण त्यांच्या पायाच्या नव्हतं. पाय एकशे वीसवरच राहिला.

घरापासून चाळीस किलोमीटरवर गाडीने पहिली घंटा वाजवली. तेहतीसवर दुसरी. तिसावर पडद्यावर एक छोटंसं कासव उमटलं.

"हे काय?" बायको म्हणाली.

"कासव," साहेबांनी वहीत लिहिलं. "वेळ नऊ वाजून पाच मिनिटं."

कासवाने गाडीचा ताबा घेतला. साहेब पाय दाबत होते आणि गाडी सुस्कारे टाकत होती. विटा भरलेला ट्रक पुढे गेला. ट्रॅक्टर पुढे गेला. शेवटी कडेच्या पट्ट्यावर गाडी अशी निवांत थांबली, जणू तिथे तिची आधीपासूनच भेट ठरली होती. साहेबांनी विजयी मुद्रेने आकडा वाचला, "दोनशे एकाहत्तर! पकडला चोर!"

"चोराच्या पोटात आपणच बसलोय," बायको म्हणाली आणि खाली उतरली.

दोन तास उन्हात काढल्यावर गाड्या उचलून नेणारा आला. त्याने बॉनेटवर हात ठेवला, मान हलवली. "पेट्रोल संपलं असतं तर डबा आणून दिला असता, साहेब. विजेचा डबा नसतो."

"ते राहू द्या. आधी पंच म्हणून इथे सही करा," साहेबांनी वही पुढे केली.

"मी कशाला? माझी काय तक्रार? अशा गाड्यांमुळे तर माझं बरं चाललंय!" तो म्हणाला आणि साखळी आवळायला लागला.

घरी आल्याबरोबर साहेब तक्रार लिहायला बसले. संध्याकाळपर्यंत चौदा पानं झाली. चौदाव्या पानावर त्यांनी पेन्सिल ठेवली आणि जाहीर केलं, "गाडी परत! असल्या खोट्या मापाच्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही. घर हलवू!"

"घर हलवू?" बायकोच्या आवाजाने कपाटावरचे डबे हलले. "तुमच्या चौदा पानांसाठी माझी अकरा वर्षं? काही नाही! उद्या गाडी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा, आणि तोंड उघडलंत तर तिथेच उतरवीन."

सोमवारी ती तासभर आधी निघाली. कडेच्या लेनमध्ये गाडी ऐंशीवर लावली ती लावली. ना घाई, ना धक्का. साहेबांना रुजू करून ती दिवसभर ऑफिससमोरच्या बाकावर बसली आणि संध्याकाळी तशीच ऐंशीने परत आली. दारात गाडी थांबली तेव्हा पडद्यावर शिल्लक होते एकसष्ट किलोमीटर!

"म्हणजे तीनशे एकसष्ट," साहेब पुटपुटले. "चारशे दहा नव्हेतच."

"तीनशे पुरे आहेत ना? मग घर इथेच, शटर उघडं. विषय संपला."

विषय कसला संपतोय! मंगळवारी साहेब एकटे निघाले आणि ऐंशीने जाणं म्हणजे काय ते त्यांना कळलं. मागून भोंगे, दिव्यांचे फटकारे, खिडकीतून उलटसुलट सल्ले. एकाने तर "आजोबा, झोपलात का?" विचारलं. साहेब बावन्न वर्षांचे! रागाने पाय दाबला गेला, वेग गेला एकशे वीसवर, आणि संध्याकाळी ते घराच्या अलीकडे चार किलोमीटरवर कासवासकट थांबले. बायकोने जुनी गाडी नेऊन त्यांना दोरीने ओढून आणलं. तेव्हा तिच्या दोन विद्यार्थिनी मागे बसल्या होत्या. त्यांचा त्या दिवसाचा धडाच झाला.

बुधवारी तिने गाडीच्या पाठीवर आपल्या शाळेची लाल पाटी चिकटवली. 'शिकाऊ चालक. अंतर ठेवा.'

"मी? शिकाऊ?" साहेब कडाडले. "सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय!"

"लावून तर बघा."

आणि चमत्कार झाला! भोंगे बंद! ट्रकवाले लांबूनच वळून पुढे जाऊ लागले. कुणी घाबरून, कुणी मायेने. एका बाईने तर अंगठा वर करून धीर दिला. साहेब ऐंशीने गेले, ऐंशीने आले. तीन आठवडे असे सुखाचे गेले, की चौदा पानी तक्रार पोस्टात टाकायचीही त्यांना आठवण राहिली नाही.

चौथ्या सोमवारी वाहतूक पोलिसाने हात केला.

"शिकाऊ आहात?"

"अं... तसं म्हणजे..."

"शिकाऊच्या शेजारी शिकवणारा लागतो. तुमचे शिक्षक कुठे आहेत?"

"घरी आहेत," साहेब म्हणाले. मग मान खाली घालून त्यांनी परवाना पुढे केला.

पोलिसाने परवाना उलटा केला, सुलटा केला. "सत्तावीस वर्षांचा? मग ही पाटी?" त्याने पावती फाडली आणि कारण मोठ्याने वाचत लिहिलं, "मालावर खोटी माहिती लावून लोकांची दिशाभूल."

बावीस वर्षं हेच वाक्य साहेबांनी हजारो पावत्यांवर लिहिलं होतं. एकदाही आपल्या बाजूने वाचलं नव्हतं. त्यांनी पावती हातात घेतली, शब्दन् शब्द तपासला, चूक एकही सापडली नाही, आणि मुकाट्याने सही केली.

घरी येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली. बायकोने वाचली, हसू गिळलं आणि रंगाचा डबा घेऊन मागे गेली. सकाळी गाडीवर नवी पाटी होती.

'गाडी विजेची. चालक हट्टी. आपण पुढे व्हा.'

साहेबांनी चष्मा लावून ती तीन वेळा वाचली. हरकत घ्यायला त्यांचा हात शिवशिवत होता. पण सगळ्या खात्याचे नियम मनात उलटेपालटे केले, तरी तिच्यात खोटं असं काही त्यांना दाखवता येईना! त्यांनी गाडी सुरू केली, ऐंशीवर नेली, आणि वाटेत पहिल्याच ट्रकवाल्याने पाटी वाचून त्यांना मोठ्या आदराने सलाम ठोकला.

साहेबांनीही ठोकला. काय करता?