तांबड्या मोटारीचा मुजरा आणि उंबरदरें गांवचा घात

नमन त्या अग्नीस, जो पोलादाच्या पोटीं कोंडला असतां राजांची स्वारी ओढतो, आणि दुसरें नमन त्या श्रोत्यांस, ज्यांस खरें ऐकावयाची अद्याप हौस उरली आहे. असे थोडेच, तरी असोत. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, त्या सालीं या राज्यांत जें वर्तलें तें आम्हीं डोळां पाहिलें तैसें लिहितों, कोणाची मर्जी राखोन लिहीत नाहीं, मर्जी राखणारे दरबारांत उदंड आहेत. राज्याचें नांव लिहावयाची सोय नाहीं. तर त्या सालीं महाराजांनीं विलायतेहून शर्यतीची तांबडी मोटार आणविली, आणि तिचे पोटीं शेंकडों घोड्यांचें बळ ऐसें सांगत, आणि महाराज तिजवर ऐसे लुब्ध जाहले की जेवितांना ताटाकडे न पाहतां खिडकीकडे पाहत. मग तिचे कारभारावर चांगोजीराव खराडे यांस नेमिलें. घाटांतील वळणें घ्यावीं तर चांगोजीरावांनींच, हात सोन्याचा, परंतु जीभ तिखट, आणि बढाई मारूं लागले म्हणजे समोरच्यास उठोन जावें लागे.

आतां मोटारीवर काय अवलंबून होतें तें सांगतों. घाटापलीकडील राज्याची आणि आमची सरहद्द जेथें मिळते तेथें उंबरदरें नामें गांव, त्याचा तंटा पणज्यांचे वेळेपासोन, आणि लढोन लढोन दोहींकडील माणूस थकलें तेव्हां तह जाहला की दर पिढीस घाटांत एक शर्यत व्हावी, पूर्वीं घोड्यांची, आतां मोटारींची, आणि जो जिंकेल त्यानें गांव राखावें. आजवर तें आमचेकडे राहिलें. परंतु या खेपेस पलीकडील राजांनीं उघड कळविलें की गांव हातीं आलें म्हणजे माणसें उठवूं आणि डोंगर फोडोन खडीची खाण घालूं. त्या गांवीं चांगोजीरावांची थोरली बहीण आवडाक्का राहत होती, आई मेल्यावर तिनेंच त्यांस कडेवर घेवोन वाढविलें होतें. तेव्हां चांगोजीराव धांवणार ते तिचे घरासाठीं. महाराजांस एक गांव कमी जाहलें काय, अधिक जाहलें काय, नकाशा उलटा धरिला तरी कळत नसे.

मग सभा भरली की ऐसी भारी मोटार जपोन चालवावी कीं चोपोन काढावी, आणि चोपल्यानें इंजिनास गुण येतो कीं अवगुण. म्हातारे सरदार म्हणाले जपावी, शाल पांघरावी. तरुण मंडळी म्हणाली चोपावी. दिवाण विसाजीपंत कांहींच न बोलतां महाराजांचे तोंडाकडे पाहत बसले, हीच त्यांची विद्या. मग चांगोजीराव पुढें जाहले आणि छाती फुगवोन बोलिले, "महाराज, ही काय कपाटातली बाहुली आहे? हळूहळू फिरवाल तर पोटात काजळी धरील. हिला दामटलंच पाहिजे, कानठळ्या बसेपर्यंत!" हें ऐकतांच महाराजांची कळी खुलली, आणि ती खुललेली पाहोन विसाजीपंत वाहवा म्हणाले, आणि पंत म्हणाले म्हणोन अवघी सभा वाहवा म्हणाली, आणि त्या गलबल्यांत चांगोजीराव पुढें बोलत होते, "पण आधी तेल तापू द्यायचं. काटा वर आला की मग हाणा बिनधास्त, आणि थांबवण्याआधी पुन्हा सावकाश न्या. गार असताना मारलीत तर मेलीच म्हणून समजा." हें कोणीं ऐकिलें नाहीं. आम्ही शेजारीं बसलों होतों म्हणोन आम्हांस ऐकूं आलें.

आतां या दरबारची एक चाल आहे. महाराज प्रातःकाळीं सज्जांत येतात तोंवर वाड्यांत कोणीं हूं कीं चूं करावयाचें नाहीं, आणि महाराज दिसतांच त्याच क्षणीं सर्वांनीं मुजरा घालावयाचा, माणसानें वांकोन, घोड्यानें खूर आपटोन, हत्तीनें सोंड उचलोन. विसाजीपंतांनीं हुकूम काढिला की मोटारीनेंही मुजरा घालावा, महाराज दिसतांच सुरू व्हावी, पूर्ण गर्जावी, आणि महाराज वळतांच बंद व्हावी. मग चांगोजीराव धांवत दिवाणांकडे गेले.

"पंत, पहाटेच्या गारठ्यात एकदम गरजायचं म्हणजे काय? थोडी आधी चालू करू द्या. तापली की हवी तेवढी ओरडवतो."

"दर्शनाआधी आवाज? चांगोजीराव, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"बरं, मग महाराज आल्यावर हळू सुरू करतो. त्यांना म्हणावं, जरा दम धरा."

"महाराजांनी दम धरायचा! एका मोटारीसाठी!"

"अहो, रात्रभरात तेल सगळं खाली बसतं. वर कोरडं ठणठणीत. कोरड्यावर मारायची म्हणजे लोखंडाला लोखंड खातं हो, पंत!"

"चोपावी असं भर सभेत तुम्हीच म्हणालात की नाही? आता शब्द फिरवता?" ऐसें बोलोन पंतांनीं पान लाविलें, आणि चांगोजीराव आले वाटेनें परतले, कारण म्हणाले तर होतेच.

मग रोज सकाळीं मुजरा होऊं लागला. महाराज सज्जांत येत, मोटार गार पोटानें किंचाळे, कबुतरें उडत, महाराज टाळी वाजवीत, आणि तेल तापावें त्याचे आधींच बंद. पाहुणे आले तर दुपारीं आणखी एक. घाटांत न्यावयास चांगोजीरावांनीं परवानगी मागितली तर उत्तर आलें की रस्त्यावर धूळ लागते. म्हणजे चोपावयाची ती उभ्या उभ्याच. मग चांगोजीरावांनीं युक्ति केली, निखाऱ्याची शेगडी मोटारीचे पोटाखालीं सरकवूं लागले, की आवाज न होतां तेल ऊन व्हावें. चार दिवस बरें चाललें. मग धुराचा वास पंतांचे नाकीं गेला आणि बोभाटा जाहला की खराडे सरकारी मोटार जाळावयास निघाले, आणि शेगडी जप्त होवोन कोठारांत गेली.

शर्यत जवळ आली तेव्हां चांगोजीरावांनीं जुनें तेल काढिलें तों त्यांत चमचम दिसली, जरीची पूड सांडावी तैसी. ती इंजिनाची झीज होती. परातींत घेवोन तेल महाराजांपुढें ठेविलें आणि म्हणाले, "महाराज, हिचं पोट झिजलं. शर्यतीला वाड्यातली जुनी निळी गाडी द्या, ती भरवशाची आहे."

महाराज परातींत वांकोन पाहते जाहले आणि म्हणाले, "वा! तेलालासुद्धा तेज चढलं की! चोपल्याचा गुण म्हणतात तो हा."

पंत म्हणाले, "हुजुरांनी बरोबर ओळखलं." आमचे तोंडीं तेव्हां काय आलें तें येथें लिहिलें असतां कागद बाटेल. निळी मोटार मिळाली नाहीं.

शर्यतीचे दिवशीं घाटपायथ्याशीं दरबारची चाल लागू नव्हती, म्हणोन चांगोजीरावांनीं तांबडीस सावकाश तापविलें, काटा वर येईतों हात लाविला नाहीं, तेवढा एक दिवस बिचारीस माणसासारखें वागविलें. मग निशाण पडलें आणि ती ऐसी धांवली की पाहणारांचे डोळां पाणी आलें, आणि पलीकडील करडी मोटार मागें पडली, आणि वळणामागोन वळण तांबडीच पुढें. वरतीं घाटमाथ्यावर, जेथें शर्यत संपावयाची, तेथें आवडाक्का गांवच्या बायांसह उभी होती. शेवटचा चढ लागला तों इंजिनाचे पोटांत टकटक सुरू जाहली. चांगोजीरावांनीं ती ओळखिली. पाय उचलावा तर इंजिन वांचतें आणि गांव जातें. पाय दाबावा तर कदाचित् दोन्ही वांचतील, कदाचित् दोन्ही जातील. त्यांनीं पाय दाबिला. माथा दिसूं लागला आणि आंत कांहीं तुटोन पोलाद फोडोन बाहेर आलें, तेल रस्ताभर सांडलें, आणि करडी मोटार बाजूनें निघोन गेली. आक्का चढ उतरोन धांवत आली.

"चांगू, कुठं भाजलं का रे?"

"आक्का, घर गेलं गं तुझं."

"ते बघू मग. आधी उतर त्यातनं, धूर येतोय." ऐसें म्हणोन तिनें त्यांस दंडास धरोन बाहेर ओढिलें.

त्याउपरी पुन्हा सभा. जपणारे म्हणाले, चोपली म्हणोन मेली. चोपणारे म्हणाले, कमी चोपली म्हणोन मेली. दोघेही जिंकलों ऐसें समजोन घरोघर जेवावयास गेले. तेल तापण्याचा विषय कोणीं काढिला नाहीं. चांगोजीरावांनीं काढिला, तों पंत म्हणाले की ज्याचे पायाखालीं मोडली त्यानें शहाणपण शिकवूं नये, आणि त्यांचा सरंजाम काढिला व पागोटें उतरविलें. विसाजीपंतांस शालजोडी मिळाली. महाराजांनीं दुसरी मोटार आणविली, पांढरी, आणि आतां जपावयाचें ठरलें म्हणोन तिजवर शाल घालोन ती कधींच सुरू करीत नाहींत. तीही आंतून गंजत असेल, आम्हांस काय त्याचें!

उंबरदऱ्यास दवंडी पिटली आणि माणसें टेंपोंत पाटे, जातीं, गुरांचे दोर भरोन निघालीं. चांगोजीराव बहिणीस आणावयास गेले तों ती अंगण सारवीत होती.

"आक्का, उद्या सुरुंग लावणार इथं. सारवतेस कशाला?"

"मग काय घाण ठेवून जाऊ?" ऐसें बोलोन तिनें शेवटचा कोपरा सारविला, हात धुतले, आणि भाऊ उंबऱ्यावर बसोन लहान पोरासारखे रडले, तेव्हां तीही रडली.

एवंच काय, तर मोटार चोपल्यानें इंजिनास गुण येतो. येतो, तेल तापलेलें असल्यास. तेल तापावयास जितका वेळ लागतो तितकाच वेळ चांगोजीरावांनीं मागितला होता, तितका वेळ महाराजांस सज्जांत उभें राहवलें नाहीं, आणि उंबरदरें आतां खडी होवोन पलीकडील रस्त्यांवर पसरलें आहे.