सुट्या भागांची सायकल

बायकोच्या नाकासमोरून अख्खी सायकल घरात आणायची आणि तिला पत्ताही लागू द्यायचा नाही, हे काम करणारा माणूस जगात एकच आहे. तो म्हणजे मी! हसू नका. आधी नीट ऐकून घ्या.

मला जुन्या सायकलींचं वेड आहे. एखादी गंजलेली, वाकलेली, कोंबड्यांनी जिच्यावर संसार थाटलाय अशी सायकल दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात. ती खोलायची, घासायची, रॉकेलने धुवायची, ग्रीस भरायचं आणि पुन्हा रस्त्यावर पळवायची! लोक म्हणतात, नवीन का नाही घेत? अशा लोकांशी मी बोलत नाही.

तर घरात अशा तीन सायकली होत्या. एक जिन्याखाली, एक पलंगामागे आणि एक दिवाणखान्यात, सोफ्याच्या जागी. सोफा काढावा लागला. पाहुणे उभ्याने चहा पितात आणि लवकर जातात, हा त्यातला फायदा बायकोला कधी कळलाच नाही. एकदा पेडल तिच्या नडगीला लागलं आणि तिने जाहीर केलं, "आणखी एक सायकल या घरात आली ना, तर चारही भंगारात! मी स्वतः उचलून देईन."

"अगं, चिडतेस काय..."

"चिडत नाहीये. सांगतेय."

बायको चिडली तर मी घाबरत नाही. ती सांगायला लागली की घाबरतो. मी निमूटपणे मान डोलावली आणि खरंच सांगतो, मनापासून डोलावली. पण पुढच्याच आठवड्यात भंगारवाल्याने मला हाक मारली आणि पोत्याखालून ती दाखवली. उंच फ्रेम, रॉडचे ब्रेक, स्प्रिंगांची चामडी सीट आणि पितळी घंटी! सगळं मूळचं, एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

आमच्या गावात जुन्या सायकलवाल्यांचा एक क्लब आहे. त्याचे सेक्रेटरी भयंकर कडक. सायकल पूर्ण मूळची असली आणि मालक ती स्वतः चालवत मैदानावर घेऊन आला, तरच सभासद करून घेतात. माझ्या तिन्ही सायकली त्यांनी नापास केल्या होत्या. शेवटच्या वेळी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही सायकली गोळा करत नाही, अपघात गोळा करता!" ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं होतं. आता मात्र मी ठरवलं. ही सायकल घरात येणार, दुरुस्त होणार आणि वार्षिक मेळाव्याला मी तिच्यावर बसून सेक्रेटरींच्या नाकावर टिच्चून जाणार!

पण घरात न्यायची कशी? तेव्हा मला ती युक्ती सुचली. बायको काय म्हणाली होती? 'सायकल' आली तर. रिम म्हणजे सायकल का? नाही. हँडल म्हणजे सायकल का? मुळीच नाही! मी भंगारवाल्याच्या दुकानातच ती खोलली आणि एकेक भाग घरी आणायला सुरुवात केली. हँडल छत्रीसारखं काखेत, चेन डब्याच्या पिशवीत, मडगार्ड शर्टाच्या आत पाठीला. त्या दिवशी शेजारीण म्हणाली, "आज अगदी ताठ चालताय हो!"

साफसफाई बाथरूममध्ये. दार लावायचं, नळ सोडायचा आणि घासत बसायचं. रोज संध्याकाळी इतका वेळ आत! बायकोने बाहेरून विचारलं, "पोट बिघडलंय का?" मी म्हणालो, "हो." झालं! त्या दिवसापासून मला नुसता मऊ भात, तोही बिनमिठाचा. पण मी मागे हटलो नाही. सायकलीसाठी लोकांनी काय काय सोडलंय, मी मीठ सोडलं!

स्वच्छ झालेला भाग घरात अशा ठिकाणी ठेवायचा की कुणाला संशय येऊ नये. इथपर्यंत योजना झकास होती. गडबड झाली ती पुढे. मी ठेवलेली प्रत्येक वस्तू घरच्यांना आवडायला लागली!

फ्रेम मी बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवली होती. बायकोने तिच्यावर मनीप्लांट चढवला. रिमा कपाटामागे होत्या. त्या तिने दोरीने छताला टांगल्या आणि गोल चिमटे लावून मोजे वाळत घातले. हँडल बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा झालं. सीट माझ्या लेकीने स्टुलावर बांधली. म्हणाली, "पप्पा, स्प्रिंग असली की गणितं पटापट सुटतात." ब्रेकची रबरं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली. टेबल इतकं स्थिर माझ्या हयातीत कधी नव्हतं.

आणि घंटी! घंटी मी बाबांच्या औषधांच्या खणात लपवली होती. बाबा म्हणजे माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गुडघा उत्तम आहे, आता भरपूर चालायचं. पण घरी आल्यावर बाबा एकदा दारातच पडले. लागलं काही नाही, पण भीती बसली. तेव्हापासून त्यांनी खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. ज्यांच्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, ते बाबा आता पाणीसुद्धा मागायचे नाहीत. नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्या खोलीत कमीच जायचो. हेही खरं.

तर त्या खणात बाबांना घंटी सापडली. त्यांनी ती नातीकडून पलंगाच्या कठड्याला बसवून घेतली आणि सकाळी सकाळी ट्रिंग! बायको धावत गेली.

"काय झालं बाबा?"

"चहा."

दुपारी ट्रिंग! पेपर कुठाय? संध्याकाळी ट्रिंग ट्रिंग! पंखा एवढा जोरात कुणी लावला, वर्गाबाहेर उभा राहा! घरात मुख्याध्यापक परत आले. मला जरा बरं वाटलं, पण पंचाईतही झाली. कारण सेक्रेटरींचा पहिला नियमच होता: जिची घंटी वाजत नाही ती सायकल नव्हे, सांगाडा!

मेळाव्याच्या आदल्या दिवशी बायको आणि लेक एका लग्नाला गेल्या, त्या थेट रात्री उशिरा येऊन झोपणार होत्या. मी घर पिंजून काढलं. सीट सोडवली, रिमा उतरवल्या, हँडल उपटलं. मनीप्लांट मात्र फ्रेमला सोडेना. त्याने असा विळखा घातला होता की शेवटी मी तो तसाच ठेवला. इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीआड सायकल जोडली. काय दिसत होती! मी तिच्याभोवती फिरून फिरून बघितलं.

राहिली घंटी. बाबा दिवसभर तिच्यावर हात ठेवून बसून होते.

"बाबा, ती घंटी जरा पुसून देऊ का?"

"पुसलेली आहे."

"तेल घालतो."

"घातलंय. तू तुझं काम कर."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, सगळे झोपेत असताना, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाबांच्या खोलीत शिरलो. बाबा घोरत होते. मी श्वास रोखून घंटी सोडवली, मांजराच्या पावलांनी बाहेर आलो, टाकीआड जाऊन ती हँडलला बसवली आणि सीटवर टांग टाकली. तेवढ्यात वरून आरोळी आली.

"चोर! चोर! माझी घंटी!"

पाठोपाठ बायकोचा आवाज, "अगं बाई, मोजे सगळे जमिनीवर! रिंगा कुठायत?"

मग लेकीचा, "माझी सीट! आई, उद्या गणिताचा पेपर आहे!"

त्या वेळी मी काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर सेक्रेटरींचं तोंड आलं आणि मी पेडल हाणलं! फाटकातून बाहेर, गल्लीतून मोठ्या रस्त्याला. मागून "पकडा! पकडा!" असा गलका. मी मागे वळून बघितलं नाही. हँडलला अजून टॉवेल लटकत होता, रिमेला एक मोजा फडफडत होता आणि मनीप्लांट माझ्या मांडीला गुदगुल्या करत होता. पण सायकल काय पळत होती! लोण्यासारखी!

मैदानाकडे जाणारा रस्ता उताराचा. समोर मंडप, रांगेत लावलेल्या चकचकीत सायकली आणि टेबलामागे सेक्रेटरी. आता ऐटीत थांबायचं, म्हणून मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. रॉड हलला, खडखडला, पण सायकल तशीच सुसाट! आणि मला लख्ख आठवलं. ब्रेकची रबरं घरी, टेबलाच्या पायाखाली!

"बाजूला व्हा!" मी ओरडलो आणि जीव खाऊन घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! सेक्रेटरी उठून उभे राहिले, बहुधा माझ्या स्वागताला. मग त्यांना खरा प्रकार कळला आणि त्यांनी शेजारच्या हारांच्या टोपलीत उडी घेतली. मी टेबलावर आदळलो. टेबल उताणं, मी पालथा, आणि सायकल जवळच्या खांबाला टेकून रुबाबात उभी! तिला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

डोळे उघडले तर समोर बायको आणि लेक. धापा टाकत होत्या. बायकोने सायकलीकडे बघितलं. नजर हँडलवरून रिमेवर, रिमेवरून सीटवर आणि सीटवरून मनीप्लांटवर गेली. मी मनातल्या मनात चारही सायकलींना निरोप दिला.

"अगं, मी सगळं सांगतो..."

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "सरका! सरका बाजूला! कुठाय तो चोर?"

बाबा! पायजमा, बनियन, हातात माझी लांब छत्री. घाम निथळत होता, चेहरा लालबुंद झाला होता. ते तरातरा आले, घंटीवर थाप मारली, ट्रिंग! आणि छत्री माझ्यावर रोखली.

"अरे गाढवा! तू?"

मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. बायकोही तिकडेच बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही चालत आलात?"

"चालत काय? धावत आलोय!" बाबा गरजले. मग त्यांनीही खाली बघितलं. आपल्या पायांकडे, मैदानाकडे, मागच्या लांबलचक रस्त्याकडे. छत्री हळूहळू खाली आली. "खरंच की रे," ते म्हणाले.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, मातीत पालथा पडलेल्या अवस्थेत मी ढसाढसा रडलो. बाबा म्हणाले, "लागलं का रे?" मी म्हणालो, "नाही." तरी रडणं थांबेना.

सेक्रेटरी हारांतून बाहेर आले. गळ्यात एकदम बरेच हार होते. त्यांनी सायकल बारकाईने तपासली. "सायकल अव्वल," ते म्हणाले, "भाग सगळे मूळचे. पण ब्रेकची रबरं नाहीत. टॉवेल, मोजा आणि झाड कारखान्यातून आलेलं नाही. आणि स्वार... स्वार नापास!"

घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत होतो. बाबा पुढे, लेकीचा हात धरून. मी बायकोला म्हणालो, "भंगारवाल्याला बोलावतेस ना?"

"कशाला?"

"ही चौथी. तू सांगितलं होतंस."

"मला काय आंधळी समजलात? पहिल्या दिवशी बाथरूममधून रॉकेलचा वास आला तेव्हाच कळलं. सगळे भाग आले की बोलावणारच होते भंगारवाल्याला. पण तेवढ्यात बाबांनी घंटी वाजवून चहा मागितला. किती दिवसांनी काहीतरी मागितलं होतं त्यांनी! म्हटलं, राहू दे."

मला भरून आलं. मग एकदम लक्षात आलं.

"म्हणजे माझं पोट बिघडलेलं नाही, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तो बिनमिठाचा भात?"

"तो मुद्दाम," बायको म्हणाली.

सायकल घरात राहिली, पण एका अटीवर. रोज सकाळी बाबा झोपेत असताना मी घंटी चोरायची, सायकलवरून पळायचं आणि बाबांनी मला पकडायला मागे यायचं. डॉक्टर म्हणाले, असा व्यायाम मी आजवर कुणाला लिहून दिला नव्हता, पण चालू द्या. बाबा झोपेचं सोंग घेतात हे मला माहीत आहे. घोरताना पायात बूट असतात त्यांच्या! तरी मी मांजराच्या पावलांनीच जातो.

मीही हार मानलेली नव्हती. ब्रेकला रबरं बसवली, मनीप्लांट माफी मागून कुंडीत लावला आणि क्लबच्या पुढच्या बैठकीची वाट बघत बसलो. बैठकीच्या दिवशी सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाबांच्या खोलीत गेलो तर पलंग रिकामा! घंटी जागेवर नाही. टाकीआड गेलो तर सायकलही नाही!

मी तसाच बनियनवर धावत सुटलो. "बाबा, थांबा! बाबा, गुडघा!" लोक बघत होते. मैदानावर पोचलो तेव्हा बाबा सायकलवरून उतरत होते, ब्रेक लावून, अगदी ऐटीत. सेक्रेटरी टाळ्या वाजवत होते.

"सायकल मूळची, घंटी मूळची आणि स्वार तर सगळ्यांत मूळचा!" असं म्हणून त्यांनी बाबांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांना सभासद करून घेतलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बनियन, घाम, हातात स्क्रूड्रायव्हर.

"आणि हे कोण?" त्यांनी मुद्दाम ओळख न दाखवता बाबांना विचारलं.

बाबांनी ट्रिंग करून घंटी वाजवली आणि म्हणाले, "हा? माझा मुलगा. चांगला आहे, पण घंट्या चोरतो."