सोपी वाट, तेरा डोकी

टॅलीकाकांनी सकाळी बूट चढवता चढवता बायकोला ठणकावून सांगितलं, "आज बघच तू. मी दहा मिनिटं दिसलो नाही ना, तर सगळं ऑफिस हवालदिल होईल."

"नका दिसू," बायको म्हणाली. "आणि काय झालं ते येऊन सांगा मला."

काका चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. आलेले कागद मोजायचे, गेलेले कागद मोजायचे, आकडा जुळला की 'टॅली' म्हणून वहीत शिक्का मारायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचण्यात वेळ घालवायचा नाही, ही त्यांची पद्धत. आता ते निवृत्त होणार म्हणून साहेबांनी राखीव जंगलात सहल काढली होती. तीन तळ्यांच्या काठाने जाणारी वाट आणि शेवटच्या तळ्यावर निरोप समारंभ. बायकोचं म्हणणं असं की, त्या ऑफिसात तुम्ही आहात की नाही हे कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नसेल. काकांना ते फार झोंबलं होतं, कारण मनातून त्यांना स्वतःलाही तीच धास्ती होती.

जंगलाच्या फाटकावर पाटी होती, 'सोपी वाट. सर्व वयांसाठी.' काकांच्या खुर्चीत सोमवारपासून बसणाऱ्या नव्या बाई माणसं मोजायला पुढे झाल्या.

"नावं घेत बसू नका, वेळ जातो," काका म्हणाले. "तोंडं बघू नका, माणसं बोलायला लागतात. ड्रायव्हर धरू नका, तो गाडीच्या हिशेबात. फक्त डोकी."

"तेरा," बाई म्हणाल्या. "टॅली." काकांना धन्य वाटलं.

वाट खरंच सोपी होती. इतकी की हिशेबनीस चालता चालता जांभया देत होते. दुसऱ्या तळ्याच्या काठी पक्षी बघणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांची एक खोली होती, डोळ्यांच्या उंचीवर फट ठेवलेली. काका नाडी बांधायच्या निमित्ताने मागे रेंगाळले आणि गुपचूप आत शिरले. तिसरं तळं तिथून हाकेच्या अंतरावर होतं, मधे नुसता एक बांध. तिथे बाई मोजणार, बारा भरणार, एकच गोंधळ उडणार, साहेबांचं तोंड उतरणार, आणि मग काका शांतपणे प्रकट होणार. बेत असा चोख होता.

पण तिसऱ्या तळ्यावर वनरक्षक उभा होता. कुणी कचरा टाकू नये एवढंच बघायला आलेला साधा माणूस, सावली होती म्हणून घोळक्यात येऊन थांबला. खाकी कपडे, टोपी, हातात काठी. पण डोकं ते डोकंच.

"अकरा, बारा, तेरा. टॅली," बाईंचा आवाज आला.

फळ्यांच्या आड काकांनी कपाळाला हात लावला. बाहेर पडून ओरडावं असं त्यांना वाटलं, पण मग बायकोला काय सांगणार? कुणीतरी विचारेलच, म्हणून ते थांबले. आणि विचारलंही.

"काका कुठेत हो?" टायपिस्ट म्हणाली.

"पुढे गेले असतील," हिशेबनीस म्हणाले. "गाडीची चाकं मोजत असतील."

सगळे हसले. मनापासून हसले. ज्या हिशेबनिसांच्या डब्यातला अर्धा वाटा काकांनी वीस वर्षं खाल्ला होता, ते तर पोट धरून हसले.

"चला, उरकून घेऊ," साहेब म्हणाले. "ऊन चढतंय."

साहेबांनी भाषणाचा कागद काढला. तो कागद सगळ्यांच्या निवृत्तीला एकच असे आणि जपून ठेवायचं काम काकांकडे असे. आधीच्याचं नाव खोडून नवं नाव पेन्सिलीने घालायचं, एवढंच. या वेळी स्वतःचं नाव स्वतः कसं घालायचं म्हणून काका संकोचले होते आणि ते राहून गेलं होतं. त्यामुळे साहेबांनी गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या शिपायाला भरल्या गळ्याने निरोप दिला. टाळ्या पडल्या. भेटीचं भिंतीवरचं घड्याळ धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते वनरक्षकाच्या हातात दिलं आणि सोबत चालत आलेल्या ड्रायव्हरने सगळ्यांचा फोटो काढला.

हे नीट ऐकू यावं म्हणून काका मागच्या दाराने तळ्याच्या कडेला गेले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. पाय निघाला, बूट निघाला नाही. त्यांनी फोन काढून बघितला. रेंज पूर्ण होती. फोन एकही आला नव्हता.

एका बुटावर ती सोपी वाट लंगडत पार करून काका फाटकाशी पोचले, तेव्हा गाडी उभीच होती. नाक्यापर्यंत सोडा म्हणून वनरक्षकही आत चढून बसला होता. काका गाडीच्या पाठीमागे दोन हातांवर आले. पत्र्यावर थाप मारायला त्यांनी हात उचलला.

"बारा, तेरा. टॅली. चला," आतून आवाज आला.

काकांनी हात खाली घेतला. गाडी गेली. त्या क्षणी त्यांना बाईंचा राग आला नाही, साहेबांचाही नाही. आपण शिकवलं ते किती बिनचूक शिकवलं, याचंच त्यांना रडू आलं.

दुधाच्या टेम्पोतून ते घरी पोचले. बायको दारातच होती.

"बूट कुठे?"

"तळ्यात."

"आणि ऑफिस? हवालदिल झालं का?"

"झालं की," काका म्हणाले. "साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला शोधायला माणसं धावली."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायकोने तो उचलून बघितला. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला होता, खाली लिहिलं होतं, 'काकांचा निरोप समारंभ, सर्वांच्या उपस्थितीत.' त्याखाली नव्या बाईंचा निरोप होता, 'काका, घड्याळाची आवक नोंदवली आहे. सोमवारी सही करून घेऊन जा.'

बायको फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"फोटो मी काढला," काका म्हणाले.

ती बोट ठेवत ठेवत मोजायला लागली. चौतीस वर्षं टॅलीकाकांच्या घरात काढली होती तिने.

"तेरा आहेत. तुम्ही धरून चौदा. पण काल तर तेरा जण जाणार म्हणाला होतात ना?"

काका उरलेल्या बुटाची नाडी सोडत होते.

"माझी मोजण्यात चूक झाली," ते म्हणाले.